मदत हवी आहे : कानाला दडे आणि कमी-जास्त होणारा आवाज

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. वडिलांची उभी हयात यंत्रमागावर गेली. आता त्यांच्या कानात सतत ‘कुंईं’ असा बारीक आवाज येतो. एखाद्या दिवशी जवळजवळ नसतोच, तर एखाद्या रात्री इतका वाढतो की ते उठून अंगणात फेऱ्या मारत बसतात. बघवत नाही हो. शिवाय दोन्ही कानांना दडे बसतात. जांभई दिली की क्षणभर मोकळे, परत बंद. चक्कर नाही.

मळ नाही, पडदा शाबूत आहे. ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या तपासणीत) ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाला, ऐकू येणं कमी दिसलं. ते मागाच्या खडखडाटाने, हे पटतं. पण मग दडे कशाने? पडद्यामागचा दाब कळण्यासाठी टिंपॅनोमेट्री करावी असं मला वाटतं. सोलापुरात ती कुठे होते?

‘वय झालं, चालायचंच’ हे उत्तर मला मान्य नाही. शेजारचे कोमट तेल घाला म्हणतात, ते मी घालू देत नाही.

उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत त्यांना झोप लागते. थंडीत काय लावावं? आणि कानाच्या मशीनने हा आवाज कुणाचा दबलाय का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.