मदत हवी आहे : सॅम्युअल इन्सल मुलांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी. बारावी कॉमर्सच्या मुलांसमोर पुढच्या आठवड्यात अर्धा तास बोलायचंय. विषय मीच हौसेने घेतला : शिकागोचा वीजसम्राट सॅम्युअल इन्सल. आता अडकलेय.

पूर्वार्ध जमलाय. लंडनचा पोरगा 1881 मध्ये एडिसनचा सेक्रेटरी म्हणून अमेरिकेत आला, 1892 मध्ये 'शिकागो एडिसन' या वीज कंपनीचा अध्यक्ष झाला. 1903 मध्ये फिस्क स्ट्रीटच्या वीजकेंद्रात 5,000 किलोवॅटचं स्टीम टर्बाइन बसवलं. त्याचा हिशेब साधा : यंत्र रिकामं बसलं की तोटा. म्हणून संध्याकाळी घरांचे दिवे, दिवसा ट्राम आणि कारखाने, अशी गिऱ्हाइकं जोडायची नि दर उतरवायचे. कारखान्याच्या वीजबिलातला 'डिमांड चार्ज' (कमाल मागणीवर लागणारा वेगळा आकार) दाखवला की हे मुलांना पटकन कळतं.

घोडं अडतं ते होल्डिंग कंपनीपाशी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर हाती ठेवून त्यांच्यावर ताबा मिळवणाऱ्या कंपनीपाशी. फळ्यावर मांडून पाहिलं : एका कंपनीचे 51 टक्के शेअर दुसऱ्या कंपनीकडे, तिचे 51 टक्के तिसरीकडे, तिचे पुन्हा 51 टक्के आपल्याकडे. म्हणजे 100 रुपयांच्या धंद्यावर जेमतेम 13 रुपयांत ताबा! वर कर्जही. घरच्या भाच्यावर प्रयोग केला, तो दुसऱ्याच पायरीला जांभया द्यायला लागला.

1932 मध्ये हा डोलारा कोसळला, हजारो छोटे गुंतवणूकदार बुडाले. इन्सल ग्रीसला पळाला, 1934 मध्ये परत आणला गेला, खटल्यात मात्र निर्दोष सुटला.

तर, ही उतरंड समजावणारं घरगुती उदाहरण सुचवाल का? भिशी नको, ती वेगळी. आणि 'होल्डिंग कंपनी'ला 'सूत्रधारी कंपनी' म्हटलेलं मुलांना झेपेल का?