तरुणपणी ६० टक्के बचत: शहाणपण की चिकटपणा?

निम्मेशिम्मे

वय २७, नोकरीची चार वर्षं झाली. पगार हातात आला की त्यातले ६० टक्के त्याच दिवशी बाजूला जातात, उरलेल्या ४० मध्ये महिना काढते. कर्ज नाही, सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलाय, आरोग्यविमा आहे. त्यामुळे तो उपदेश कृपया नको, धागा भलतीकडे जाईल.

गेल्या आठवड्यात नवऱ्याने माझं एक्सेल उघडलं. त्यात शेवटी 'टाळलेले खर्च' असा हिरवा रकाना आहे. काही घ्यायचं मनात आलं आणि घेतलं नाही, की तो आकडा तिथे जातो. त्याच्या मित्राच्या लग्नाला आम्ही गेलो नाही, त्या प्रवासखर्चाची नोंदही तिथे होती. त्याने विचारलं, "हे तू नफ्यात धरतेस?" मी हो म्हणाले. तेव्हापासून विषय निघाला की भांडी जोरात आपटली जातात, म्हणून इथे विचारते आहे.

माझं मत पक्कं आहे. बाजार किती देईल हे आपल्या हातात नाही, किती वाचवायचं हे आहे. महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरा आणि वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमले की नोकरी ऐच्छिक झाली असं माना. शून्यापासून सुरुवात करून १० टक्के वाचवणाऱ्याला तिथे पोचायला ५१ वर्षं लागतात, २५ टक्केवाल्याला ३२, ५० टक्केवाल्याला साधारण साडेसोळा. माझ्या ६० टक्क्यांना साडेबाराच्या आत. याचं कारण बचत दोन्हीकडून काम करते: साठा वाढतो आणि कमी खर्चात राहायची सवय झाल्याने लागणारी रक्कमही घटते. पस्तिशी ओलांडता ओलांडता मी मोकळी. दहा-बारा वर्षं दाबून राहायचं आणि पुढची चाळीस आपल्या मर्जीने जगायची, यात चुकतंय काय?

उधळमाणिक

चुकतंय ते लग्न.

बाकीचं एक्सेल मला पटलं, खरंच. पण बूट, फोन, सोफा हे पुढच्या वर्षीही मिळतात, बहुतेक वेळा आणखी चांगले मिळतात. मित्राचं लग्न पुढच्या वर्षी पुन्हा लागत नाही (बहुतेकांचं तरी). तुमच्या हिरव्या रकान्यात दोन वेगळ्या जातीचे आकडे एकत्र पडलेत. एक खर्च पुढे ढकललाय आणि दुसरा कायमचा गेलाय. पहिला नफ्यात धरा, दुसरा कुठे धरणार?

शिवाय तुमचं लक्ष्य आजच्या ४० टक्क्यांवर बेतलेलं आहे. सत्ताविसाव्या वर्षी पाठीवर पिशवी टाकून कुठेही झोपता येतं. पंचेचाळिशीतही तसंच राहायचंय का, हे आताच ठरवून टाकलंत?

चक्रवाढ

आले उधळमाणिकराव. अहो, तुमच्या वाक्यातलं 'पुन्हा लागत नाही' ज्याला त्याला लावता येतं. मित्राचं लग्न, मित्राच्या भावाचं लग्न, मित्रांची सहल, त्या सहलीच्या आठवणीसाठीची सहल. सगळंच आयुष्यात एकदा असतं आणि दर महिन्याला असतं.

७२ चा नियम सगळ्यांना माहीत आहे, कोणी वापरत नाही. ७२ भागिले ५, म्हणजे १४.४ वर्षांत पैसे दुप्पट. २७ व्या वर्षी टाकलेला एक, ५६ व्या वर्षाच्या आसपास चार होतो, तोही महागाई वजा करून. बेचाळिशीनंतर टाकलेल्या एकाचे तोवर दोनही होत नाहीत. तरुण माणसाकडे पैसा कमी असतो, वर्षं भरपूर असतात. ती वर्षं वाया घालवू नका, एवढंच.

शंकासुर

चक्रवाढ, तुमच्या गणितात पगार जागचा हलत नाही. तो हलवून बघा.

२४ व्या वर्षी पगार १००, त्यातले १० वाचवले. ५ टक्क्यांनी दहा वर्षांत त्यांचे १६.३ होतात. आता समजा पगारही महागाईच्या वर दरसाल ५ टक्क्यांनी वाढला. कारकिर्दीच्या सुरुवातीला अनेकांचा वाढतो. मग ३४ व्या वर्षी पगार १६३. त्यातले १० टक्के काढले की तेच १६.३. शेवटच्या रकमेत काडीचा फरक नाही, पण २४ व्या वर्षी ते १० काढताना जो जीव जातो तो ३४ ला जात नाही.

सुरुवातीच्या वर्षांत चक्रवाढीचा वाटाही तुटपुंजा असतो. वर्षाला ५० टाकले तर ५ वर्षांनी २७६ होतात, त्यातले २५० तुमचेच. व्याजाची कमाई २६. हे चक्र पुढे फिरतं, पण तोवर ते तुम्हीच ढकलत असता.

फ्रँको मोदिल्यानी यांना १९८५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हाच विचार मोठा होता: कमाई आयुष्याच्या मध्यावर फुगते आणि दोन्ही टोकांना रोडावते, म्हणून माणूस खर्च मात्र आयुष्यभर सारखा पसरवू पाहतो. त्या हिशेबाने पंचविशीत कमी वाचवणारा बेजबाबदार ठरत नाही.

आणि निम्मेशिम्मे, ती २५ पट कुठून आली तेही बघा. विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून पहिल्या वर्षी साठ्याच्या ४ टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढण्याचा हिशेब मांडला, तो ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी. तुम्ही ३६ व्या वर्षी थांबणार, म्हणजे पैसा पन्नासहून जास्त वर्षं पुरायला हवा. ३० किंवा ३३ पट धरा आणि बघा तुमचे साडेबारा कुठे जातात.

थोरली

शंकासुर, पगार दरसाल ५ टक्क्यांनी वाढतो हे लिहायला सोपं आहे रे. माझाही वाढत होता. मी एक्केचाळीस वर्षांची असताना कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. एका मंगळवारी सकाळी साडेनऊला मीटिंग, दहाला लॅपटॉप परत. माझ्याबरोबरच्या एकाने पुढच्याच आठवड्यात मिळाली ती नोकरी घेतली, कमी पगाराची आणि रोज जाऊन-येऊन चार तासांची, कारण त्याचे हप्ते थांबणारे नव्हते. मी वर्षभराहून जास्त वेळ नाही म्हणत राहू शकले. तोवर मला कधी कळलं नव्हतं की साठवलेल्या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग 'नाही' म्हणायला होतो. ५६ व्या वर्षीचे चार वगैरे ठीक आहे, पण माझ्या कामाला आले ते एक्केचाळिसाव्या वर्षीचे दीड.

निम्मेशिम्मे, म्हणून मी तुझ्या बाजूने आहे. पण अगं, त्या लग्नाला जायचं होतं. तो मित्र नवऱ्याचा होता. तू तुझा आनंद पुढे ढकलू शकतेस, तुझा तुला अधिकार आहे. त्याचा आनंद तुझ्या रकान्यात कसा गेला? तुमचा पगार एकत्र आहे की वेगळा, ६० टक्के हे दोघांनी ठरवले की तू एकटीने, यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस. मला तर भांडण तिथेच दिसतंय, टक्क्यांत नाही.

उधळमाणिक

थोरलीताईंना साष्टांग दंडवत.

चक्रवाढ

ताई, पहिल्या परिच्छेदाला माझं शंभर टक्के अनुमोदन. शंकासुर, हे वाचा. कमाई वाढेलच यावर विसंबणं हासुद्धा जुगारच आहे.

आता खर्चाने सुख मिळतं या गृहीतकाबद्दल. १९७८ साली ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्यांना विचारलं. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत आणि रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतली मजा त्यांना उलट कमी वाटत होती. माणूस वाढलेल्या राहणीला सरावतो. मग ती वाढवायचीच कशाला?

शंकासुर

त्या अभ्यासात विजेते होते २२. एवढ्या भांडवलावर माझ्या मित्राच्या लग्नाला मला बंदी?

उधळमाणिक

शिवाय सरावतो तो वस्तूंना. व्हॅन बोव्हन आणि गिलोविच यांचा २००३ चा अभ्यास आहे: लोकांना त्यांच्या खरेद्या आठवायला सांगितल्या, तेव्हा वस्तूंपेक्षा अनुभवांवर घातलेल्या पैशाने जास्त आनंद दिला असं लोकांनी सांगितलं. माझा अनुभव तर स्वच्छ आहे. पहिल्या पगारात घेतलेला स्पीकर कुठे आहे मला माहीत नाही. त्याच वर्षी तिघे मित्र डोंगरात रस्ता चुकलो आणि रात्रभर एका टॉर्चवर बसून राहिलो, ते अजून भेटलो की निघतं. त्यातल्या एकाचा गुडघा आता जिनाही चढू देत नाही.

चक्रवाढ

रस्ता चुकायला पैसे लागत नाहीत हो! तुमच्या उदाहरणात खर्च झालाय कुठे? हेच म्हणतोय मी. तरुणपणी मजा स्वस्त असते, म्हणून तेव्हाच साठवून घ्यावं.

शंकासुर

हा मुद्दा मात्र मला बिनतोड वाटला. नोंद घेतली.

एक मधली वाट सुचवतो. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी कामगारांसाठी एक योजना आखली होती: आजच्या पगाराला हात लावायचा नाही, पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला हिस्सा आपोआप बचतीत वळवायचा. जिथे ती पहिल्यांदा राबवली तिथे सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत सरासरी ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली. हातातलं काही सुटत नाही, म्हणून टोचत नाही. निम्मेशिम्मे यांनी हेच उलटं करावं. ६० टक्के आहेत तिथेच राहू देत, पण इथून पुढच्या पगारवाढी निम्म्या खर्चाकडे.

चक्रवाढ

१३.६ टक्के? ही योजना न साठवणाऱ्यांसाठी आहे. ६० टक्के साठवणाऱ्या बाईंना ती सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला टायर देणं.

निम्मेशिम्मे

सगळं वाचलं. थोरलीताई, पगार एकत्र आहे आणि ६० टक्के मी ठरवले होते, तो हो म्हणाला होता. 'हो म्हणाला' आणि 'ठरवलं' यातला फरक तुम्ही दाखवलात तो घरी बोलले. रात्री बराच वेळ बोलणं झालं, भांडी शाबूत आहेत.

शंकासुर, ३३ पटीचं करून पाहिलं, वर्षं वाढतात. पण मी ३६ ला सगळं काम सोडणार नाहीये, अर्धवेळ करेन. त्यामुळे २५ ठेवते आहे. उधळमाणिक, पंचेचाळिशीत कसं राहायचंय याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण ते तुमच्याकडेही नाही.

नवरा म्हणतो ६० चे ५० करू. मी गणित केलं: साडेबाराऐवजी साडेसोळा. दहा टक्क्यांसाठी चार वर्षं मला महाग वाटतात.

चक्रवाढ

थांबा, गणित चुकतंय. चार वर्षं तुम्ही ६० ने आधीच साठवलंय, ते शून्य धरलंत. पगार १०० धरून आजचा साठा २५९ च्या आसपास येतो. इथून पुढे ५० वाचवले आणि ५० खर्चले, तर लागणारी रक्कम १,००० ऐवजी १,२५०, आणि तिथे पोचायला अजून सुमारे १२ वर्षं. एकूण १६ च्या आत. फरक साडेतीन वर्षांचा.

पण हे तो वाढीव खर्च कायमचा चिकटला तर. समजा ते जादाचे १० तुम्ही फक्त उधळमाणिकच्या यादीवर घातले, लग्नं, डोंगर, जे त्या त्या वेळीच होतं, आणि रोजची राहणी ४० वरच ठेवली. मग लक्ष्य १,००० च राहतं आणि अजून साडेनऊ वर्षं लागतात. ६० च ठेवलेत तर अजून ८.४. म्हणजे उशीर जेमतेम वर्षभराचा.

हे लिहायला मला अजिबात आवडत नाहीये. गणित दोनदा तपासलंय.

उधळमाणिक

ही पोस्ट फ्रेम करून लावतो.

शंकासुर

घाई नको. 'फक्त यंदापुरतं' म्हणून सुरू झालेले किती खर्च यंदापुरते राहतात? वर्षातून एक सहल तीन वर्षं केली की ती राहणीतच जमा. चक्रवाढ यांचं एक वर्ष आणि साडेतीन वर्षं यांच्यामध्ये कुठेतरी खरा आकडा आहे आणि तो प्रत्येकाचा वेगळा. दोघांनी मिळून वर्षाच्या सुरुवातीला त्या १० ची यादी करा, वर्षअखेर बघा त्यातलं किती पुढच्या वर्षीच्या यादीत आपोआप आलंय.

निम्मेशिम्मे

हे करते. हिरव्या रकान्याचे दोन रकाने केलेत, 'ढकललेले' आणि 'गेलेले'. लग्न दुसऱ्यात टाकलं, नवऱ्याने स्वतःच्या हाताने टाकलं. आता त्याचा प्रश्न असा आहे की मूल झालं तर ते मुदतीच्या खर्चात की कायमच्या?

थोरली

मुदतीच्या. वीस वर्षं धर, नंतरही मुदतवाढ मागतात.