मदत हवी आहे: न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियात न्यूट्रोफिल पकड घेतो तरी कशाच्या जोरावर?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करतेय. गुरुवारी सेमिनार आहे आणि एका जागी गाडी अडलीय.

पुस्तकातलं पाठ आहे: न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी पांढरी रक्तपेशी) सिलेक्टिन नावाच्या चिकट रेणूंच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळतो, मग त्याच्यावरचे सीडी१८ गटातले इंटिग्रिन (पकड घेणारी प्रथिनं) भिंतीवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट धरतात आणि तो बाहेर पडतो. पण फुप्फुसात घरंगळायला जागाच कुठाय? तिथल्या बऱ्याच केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षा अरुंद. गणपती पेठेतल्या बोळात हळदीच्या पोत्यांचा टेम्पो घुसावा तसा तो अंग चोरून पुढे सरकतो. (हे चित्र खरंच वहीत काढलंय, मैत्रिणी हसून बेजार.)

खरी गोम पुढे आहे. सशांवरच्या प्रयोगांत सीडी१८ अँटिबॉडीने अडवलं, तर ई. कोलाय या जीवाणूच्या एंडोटॉक्सिनला (त्याच्या आवरणातल्या विषाला) प्रतिसाद म्हणून फुप्फुसात येणारे न्यूट्रोफिल बरेच घटतात. न्यूमोकॉकस (न्यूमोनिया करणारा जीवाणू) दिला की मात्र सीडी१८ अडवूनही येतातच! मग तिथे पकड कुणाची? उंदरांवरच्या कामात गॅलेक्टिन-३ या प्रथिनाचं नाव सापडलं, पण त्या एकट्यावर भागत असेल असं मला वाटत नाही.

आमचे सर हमखास विचारणार, "मग जन्मतः सीडी१८ नसलेल्या मुलांचं काय?" त्यांची नाळ उशिरा गळते, जखमेत पू धरत नाही, एवढं सांगता येईल. फुप्फुसाबद्दल काय बोलू? कुणी यावर काम केलं असेल तर सोप्या मराठीत समजवा ना. बुधवार रात्रीपर्यंत जागीच आहे.