कपड्यांना लागलेला डिझेलचा वास धुऊनही जात नाही, काय करावं?

ओशट बाही

जीन्सच्या मांडीवर आणि शर्टाच्या बाहीवर डिझेल सांडलं. जीन्स पूर्ण सुती आहे, शर्टात पॉलिएस्टर जास्त. खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून मशीनमध्ये गार पाण्यात धुतलं, शेवटी सॉफ्टनरही घातला. ओले असेपर्यंत वास गेल्यासारखा वाटतो, दोरीवर वाळले की पुन्हा जैसे थे. डाग कुठेच दिसत नाही, पण बाही नाकाजवळ नेली की वास येतोच. आता मशीनच्या दाराच्या रबरालाही तोच वास लागलाय. कढत पाण्यात धुऊन तासभर ड्रायरमध्ये फिरवलं तर उरलंसुरलं डिझेल उडून जाईल का? की कपडे टाकूनच द्यावेत?

धुणीभांडी

टाकू नका, वास जाईल. पण ड्रायरचा विचार आधी डोक्यातून काढा. गरम हवेच्या ड्रायरमधलं तापमान ६०-७० अंशांपर्यंत सहज जातं. डिझेलची वाफ साधारण पन्नाशीच्या पुढे पेट घेण्याइतकी दाट होऊ लागते. बंद ड्रम, गरम हवा आणि विजेची मोटर एकत्र आली की आग लागायला फार काही लागत नाही. शिवाय डिझेल उडूनही जात नाही. ते १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळतं, त्यामुळे ड्रायरमध्ये हलका भाग निघतो आणि जड, ओशट भाग धाग्यातच राहतो. इस्त्रीही नको. वास पूर्ण जाईपर्यंत कपडा फक्त दोरीवर.

तुमचं बिनसलं ते क्रमात. डिझेल म्हणजे तेल. कपडा आधी पाण्यात बुडवला की सुती धागा पाणी पिऊन फुगतो आणि नंतर घातलेला साबण पातळ होऊन तेलापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून साबण कोरड्या कपड्यावर, न पातळ करता लावायचा. पाणी नंतर.

आता जे कपडे वाळलेत तिथूनच सुरुवात करा:

जिथे सांडलं तो भाग आणि त्याच्या कडेचे चार बोटं कापड सपाट पसरा. हाताने भांडी घासायचं साधं लिक्विड तळहाताएवढ्या जागेला एक मोठा चमचा या हिशेबाने ओता. डिशवॉशर मशीनचं लिक्विड नको, त्याला फेस नसतो आणि काहींत ब्लीच असतं. जुन्या मऊ टूथब्रशने उलट-सुलट दोन्ही बाजूंनी चोळा आणि अर्धा तास तसंच ठेवा.

मग थोडं थोडं कोमट पाणी शिंपडत फेस काढा. इथे फेसाकडे नीट बघा. तेल शिल्लक असेल तर फेस उठल्या उठल्या बसतो, करडा आणि पातळ दिसतो. विसळा, पिळा, पुन्हा लिक्विड लावा. फेस दाट, पांढरा आणि टिकणारा झाला की तेल बरंचसं निघालं असं समजा. जाड डेनिमला हे तीन-चारदा करावं लागू शकतं, त्यात घाई नको.

त्यानंतर बादलीत १० लिटर पाणी, ४०-५० अंश म्हणजे हाताला गरम लागेल पण चटका बसणार नाही इतपत. त्यात ३ मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि नेहमीची कपड्यांची पावडर. खायचा सोडा इथे उपयोगाचा नाही. सुती जीन्स रात्रभर, मिश्र कापडाचा शर्ट दोन तास. रंग जायची भीती असेल तर आधी आतल्या शिवणीवर हे पाणी लावून पांढऱ्या फडक्याने टिपून बघा. लोकर आणि रेशीम यांना धुण्याचा सोडा अजिबात चालत नाही.

शेवटी मशीन. लेबलवर लिहिलेलं जास्तीत जास्त तापमान, पावडर नेहमीच्या दीडपट, जास्तीचं एक खळबळणं, सॉफ्टनर शून्य. भांड्यांचं लिक्विड त्याआधी हाताने पुरतं विसळून टाका, नाहीतर मशीनच्या दारातून फेस बाहेर येईल. सोबत दुसरा एकही कपडा टाकू नका.

नोझल

वरचं सगळं डिझेलला आणि रॉकेललाही लागू. पेट्रोल असेल तर सुरुवात वेगळी होते, आणि हा धागा शोधत येणारे अर्धे लोक पेट्रोलवालेच असणार, म्हणून लिहितो.

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे कपडा ओला असताना तो घरात आणणंच चूक. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या शेगडीपर्यंत किंवा गीझरच्या ज्योतीपर्यंत पोचते. कपडे उघड्यावर, सावलीत, वारा लागेल असे एकेक सुटे टांगा. घडी घालून किंवा बोळा करून ठेवले तर आतला थर ओलाच राहतो. पेट्रोलचा मोठा भाग काही तासांतच उडून जातो. एक दिवस टांगल्यावर जो वास उरतो तो जड घटकांचा. त्याला मग धुणीभांडी यांनी सांगितलेली पद्धत लावा. मशीन त्याआधी नाही. मशीनमध्येही मोटर आणि स्विच असतातच, त्यामुळे 'ड्रायर नाही, नुसतं धुतोय' हा बचाव चालणार नाही. सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळायच्या टबालाही हेच लागू.

अंगावरचे कपडे पेट्रोलने चिंब भिजले असतील तर ते ओरबाडून काढू नका. सिंथेटिक कपडा अंगावरून सर्रकन ओढला की स्थिर विजेची ठिणगी पडते. आधी अंगावर भरपूर पाणी ओता, मग कपडे काढा आणि कातडी साबणाने धुवा. पेट्रोलचा कपडा अंगाला चिकटून राहिला तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोडही येतात. बरं वाटेल म्हणून थांबायचं नाही.

हातमोजे घालणार असाल तर नायट्राइलचे घाला. साधं लॅटेक्स इंधनात फुगतं आणि फाटतं.

आणि कपड्यातून निथळलेलं इंधन गटारात सोडू नका. भुसा किंवा कोरडी माती टाकून शोषून घ्या आणि घराबाहेर, आगीपासून लांब ठेवा. साबणाने धुतलेलं पाणी नेहमीप्रमाणे सांडपाण्यात गेलं तर चालतं.

रेणूसूत्र

व्हिनेगर-सोड्याबद्दल. दोन्ही एकत्र घातले की एकमेकांना मारतात. फसफस होऊन कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे पाण्यात विरघळलेलं सोडियम ॲसिटेट राहतं, ज्याला डिझेलशी काही देणंघेणं नाही. वेगवेगळे वापरले तरी फार आशा नको. व्हिनेगर अमोनियासारख्या अल्कधर्मी वासावर चालतं, सोडा घामाच्या आंबट वासावर. डिझेल ना आम्ल ना अल्क, तो हायड्रोकार्बन आहे. त्याला साबणाच्या रेणूने धरून पाण्यात ओढून नेलं तरच तो निघतो.

'एन्झाइमवाली पावडर घ्या' हा सल्लाही बऱ्याच ठिकाणी दिसतो. लायपेज हे एन्झाइम खाद्यतेलातले एस्टर बंध तोडतं. खनिज तेलात ते बंधच नसतात, त्यामुळे ते तिथे हात हलवत बसतं. अशा पावडरीने फरक पडलाच तर तो तिच्यातल्या सरफॅक्टंटमुळे, म्हणजे तेल धरून पाण्यात नेणाऱ्या साबणासारख्या घटकामुळे. पावडरच्या पुड्यावर काय छापलंय यापेक्षा ती पुरेशी घालणं आणि पाणी गरम असणं जास्त महत्त्वाचं.

ब्लीचचं नाव कुणी काढायच्या आत सांगतो: तेलावर त्याचा उपयोग नाही, आणि व्हिनेगर घातलेल्या कपड्यावर ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

तुमचा शर्ट जीन्सपेक्षा जास्त छळणार आहे, मनाची तयारी ठेवा. सुताला पाणी आवडतं, पॉलिएस्टरला तेल. त्यामुळे पॉलिएस्टर डिझेलला धरून ठेवतं आणि गार पाण्यात सोडत नाही. तिथे तापमान कामाला येतं. ४० अंशांवर न निघालेला वास ५०-६० वर निघतो, लेबल परवानगी देत असेल तर. पण ही गरम धुलाई हाताने साबण लावून तेल काढल्यानंतरच, नोझल यांनी सांगितलेल्याच कारणासाठी.

ओल्या कपड्याला वास का नव्हता? वर सॉफ्टनरचा सुगंध होता. तो आधी उडाला, डिझेल मागे राहिलं. त्यात सॉफ्टनरचा मेणचट थर धाग्यावर बसतो आणि पुढच्या धुण्यात साबणाला आडवा येतो. म्हणून भांड्यांच्या लिक्विडचा पहिला हात थोडा या थरावरच खर्च होईल.

ओशट बाही

खूप आभार. जीन्सला लिक्विड लावून बघितलं, फेस खरंच लगेच बसला, तिसऱ्या वेळेला टिकला. आता मांडीवर वास नाही पण खिशाजवळ अजून येतोय. मशीनच्या रबराचं काय करू? आणि त्याच दिवशीच्या एका जॅकेटवर 'फक्त ड्राय क्लीन' लिहिलंय, बुटांवरही थेंब उडालेत.

कोरडा टॉवेल

खिशाजवळ म्हणजे खिशाच्या अस्तरात. पातळ इंधन कापडातून ओढलं जातं आणि जिथे दोन-तीन थर एकत्र शिवलेत तिथे जाऊन बसतं: खिसे, कमरपट्टा, चेनची पट्टी, पायाची मुडप. खिसे पूर्ण बाहेर उलटे काढा आणि अस्तराला वेगळं लिक्विड लावा. कमरेला चामड्याचा तुकडा शिवलेला असेल तर तोही हुंगून बघा, बाकी जीन्स स्वच्छ होऊनही तो एकटाच घमघमत असतो. तो उसवून टाकणं सगळ्यात सोपं. शर्टावर रबरी छपाई किंवा कॉलर-कफात चिकटवलेलं अस्तर असेल तर तिथे साबण पोचत नाही. तिथला वास वाऱ्यावरच कमी होतो, वेळ लागतो.

मशीन: दाराच्या रबराची घडी बोटांनी उघडा. आत पाणी आणि लिंट (कपड्यांचे सुटलेले बारीक धागे) साचतं, वास तिथेच असतो. भांड्यांचं लिक्विड लावलेल्या ओल्या फडक्याने घडीच्या आतून दोनदा पुसा. पावडरीचा खण काढून धुवा, फिल्टर उघडून साफ करा. मग रिकामं मशीन सर्वांत गरम पाण्यावर, पूर्ण मात्रा पावडर घालून एकदा फिरवा. दार दिवसभर उघडं ठेवा. नंतर पहिल्यांदा जुनी फडकी किंवा पायपुसणी धुवा. त्यांना वास लागला नाही तर बाकीचे कपडे टाका. रबराने इंधन शोषलेलं असेल तर हे एकदा परत करावं लागेल.

वास खरंच गेला का, हे त्याच दिवशी स्वतःच्या नाकाने ठरवू नका. नाक बधिर होतं. पूर्ण वाळलेला कपडा स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून रात्रभर ठेवा. सकाळी पिशवी उघडताच पहिला श्वास घ्या, किंवा ज्याने हे कपडे हाताळले नाहीत अशा कुणाला घ्यायला लावा. दुसऱ्या श्वासाला अर्थ नाही.

पुसट वास उरला असेल तर परत धुण्यापेक्षा ॲक्टिव्हेटेड कोळसा वापरा. झाकणाच्या मोठ्या डब्यात कपडा सैल टाका, कोळशाच्या दाण्यांची कापडी पुरचुंडी २०० ग्रॅमच्या आसपास, कपड्याला न टेकवता. दोन-तीन दिवस. शेगडीचा साधा कोळसा इतकं शोषत नाही आणि काळे डाग पाडतो तो वेगळाच. हा उपाय फक्त धुतलेल्या कपड्याला. तेल असलेला कपडा डब्यात कोंडलात तर कोळसा लवकर भरतो आणि वास तसाच राहतो.

धुणीभांडी

जॅकेटला पाणी लावू नका. डाग ताजा असेल तर मुलतानी माती किंवा टाल्कम पावडरचा जाड थर पसरून काही तास ठेवा, न चोळता झटका, पावडर ओशट झाली असेल तर नवी घाला. मग वाऱ्यावर टांगा. ड्राय क्लीनिंगचं द्रावण डिझेल विरघळवतं, त्यामुळे तिथे काम होतं. मात्र देताना 'यावर डिझेल सांडलंय, अमुक ठिकाणी' असं स्पष्ट सांगा आणि वास मारत असलेलं ओलं जॅकेट नेऊच नका. बरेच जण ते घेत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. पाणी न शिरणारं जॅकेट असेल तर इंधनाने त्याचा लेप खराब झालेला असू शकतो. धुतल्यावर पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळतात की मुरतात ते पाहा.

बूट: लेस आणि आतला तळवा काढा. लेस कपड्यांसारख्या धुवा. फोमचा तळवा बदला, फोममधून डिझेल काढत बसणं म्हणजे वेळेचा खेळखंडोबा. चामड्यावर मुलतानी माती रात्रभर, मग घट्ट पिळलेल्या साबणाच्या फडक्याने पुसणं, सावलीत वाळवणं, शेवटी चामड्याचं क्रीम, कारण साबण चामड्याची स्वतःची ओशटही काढून घेतो. रबरी सोल आठवडा-दोन आठवडे वास सोडत राहील. घासूनही तो वास लगेच जाणार नाही, बूट तोवर बाहेरच ठेवा.

नोझल

एक राहिलं. डिझेल टिपलेली फडकी धुण्याच्या टोपलीत किंवा बंद डब्यात ढीग करून ठेवू नका. जवसाच्या तेलासारखं डिझेल आपोआप तापत नाही, पण एखादी ठिणगी पडली तर तो ढीग वातीसारखा पेटतो. सुटी पसरून बाहेर वाळवा. धुवायची असतील तर हाताने, टाकायची असतील तर पूर्ण वाळल्यावर.