नॉमिनेशन फॉर्मवरून निघालेला फ्रँकलिनच्या मृत्युपत्राचा विषय

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व सभासदांना पुन्हा विनंती, नॉमिनेशनचे फॉर्म तीन प्रतींत भरून ऑफिसात द्यावेत. अजून निम्म्या लोकांचे बाकी आहेत. 🙏

मानसी (सी-४०३): माझा दिलाय. पण सर, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे पण सांगा ना एकदा सगळ्यांना. लोक फॉर्म भरतात आणि निवांत बसतात, मग भावंडं माझ्या वकिलीच्या ऑफिसात येऊन भांडतात. मृत्युपत्र वेगळं करावं लागतं.

जोशीकाका (बी-२०४): मानसी शंभर टक्के बरोबर. मी सध्या मुलीकडे बॉस्टनला आहे आणि इथे वेळच वेळ, म्हणून बेंजामिन फ्रँकलिनचं मृत्युपत्र वाचत बसलोय. अडीचशे वर्षं होत आली पण आजही वाचण्यासारखं आहे. माणूस मूळचा छापखानेवाला, बाप मेणबत्त्या आणि साबण करायचा, पोरगा पुढे फ्रान्सच्या दरबारात अमेरिकेचा प्रतिनिधी झाला, पेनसिल्व्हेनिया राज्याचा प्रमुख झाला, तरी १७८८ च्या मृत्युपत्रात नावापुढे पहिलं लिहिलंय काय तर 'प्रिंटर'. बाकीची पदं त्याच्या नंतर.

अमेय (बी-५०१): तो पतंग आणि विजेवाला ना काका? 😄

जोशीकाका: तोच. आता वाटणी ऐक. घरंदारं, बहुतेक सगळी इस्टेट मुलगी सारा आणि जावई रिचर्ड बेश यांना. फ्रान्सच्या राजाने स्वतःची छोटी तसबीर दिली होती, तिच्याभोवती ४०८ हिरे, ती पण मुलीला. पण अट अशी की हिरे काढून स्वतःसाठी किंवा मुलींसाठी दागिने करायचे नाहीत, दागिने घालायची खर्चिक, पोकळ आणि निरुपयोगी फॅशन या देशात नको, असं चक्क लिहून ठेवलंय.

सुलभाताई (ए-३०२): वा, म्हणजे हिरे द्यायचे आणि घालायचे नाहीत. मग काय लोणचं घालायचं का त्यांचं?

जोशीकाका: 😂 तिने त्यातले हिरे विकले आणि नवऱ्याबरोबर इंग्लंडची ट्रिप करून आली. दागिने करू नको म्हटलं होतं, विकू नको म्हटलं नव्हतं.

मानसी: हे भारी आहे. ड्राफ्टिंगमध्ये पळवाट राहिली की अशी वापरली जाते, क्लायंटला सांगायला चांगलं उदाहरण मिळालं.

सुलभाताई: आणि बायकोला काय दिलं? त्याचं कुणी बोलतच नाही.

जोशीकाका: ताई, ती १७७४ मध्येच गेली. तेव्हा हा लंडनला होता, शेवटची दहा वर्षं तिने नवऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या बाबतीत त्याची बाजू मी घेणार नाही. बहिणीचं मात्र नीट केलंय. जेन म्हणून धाकटी बहीण, बॉस्टनला राहायची, बारा लेकरं झाली त्यातली बहुतेक तिच्या डोळ्यांदेखत गेली, तिला ती राहत होती ते घर कायमचं दिलं आणि वर मरेपर्यंत दरवर्षी ५० पौंड. सतरा भावंडांतला हा सगळ्यात धाकटा मुलगा आणि ती सगळ्यात धाकटी मुलगी, जीव होता एकमेकांवर.

सुलभाताई: हे आवडलं. आपल्याकडे बहिणीकडून उलट हक्कसोडपत्रावर सही घेतात.

सेक्रेटरी: 🙏

जोशीकाका: खरी गंमत मुलाची आहे. विल्यम, थोरला. हा न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, इंग्रजांनी नेमलेला, आणि स्वातंत्र्ययुद्धात बापाच्या विरुद्ध राजाच्या बाजूने राहिला. त्याला काय दिलं? नोव्हा स्कॉशियातली, म्हणजे आजच्या कॅनडातली, जमीन, त्याच्याकडे आधीच होती ती पुस्तकं आणि कागदपत्रं, आणि बापाचं त्याच्याकडे जे येणं होतं ते माफ. झालं. आणि खाली कारण लिहिलंय, की युद्धात तो माझ्याविरुद्ध कसा वागला ते सगळ्यांना माहीत आहे, ज्या इस्टेटीला तो मला मुकवायला निघाला होता तिच्यातलं जास्त त्याला का देत नाही ते त्यावरून कळेल. नातवाचं अजून वेगळं. विल्यमचाच मुलगा टेंपल, त्याच्याकडून आजोबांना ४००० पौंड येणं होतं, ते लग्नाच्या दिवशी माफ, बिनलग्नाचा मेला तर वसूल करून बाकी नातवंडांत वाटा.

अमेय: काका हे प्लीज माझ्या आईला दाखवू नका.

अमेयची आई (बी-५०१): वाचलं. 👀

मानसी: काका, मुलाचं कारण लिहिलं ते बरं केलं. मी क्लायंटला सांगते की कमी दिलं तर का दिलं ते लिहा, नाहीतर कोर्टात म्हणतात की म्हातारा भानावर नव्हता, कुणीतरी सही करून घेतली.

सुलभाताई: मला नाही पटत. कमी द्यायचं तर कमी द्या, पण मेल्यावर चार लोकांसमोर कागदावर टोमणा कशाला? त्या मुलाला उत्तरसुद्धा देता येत नाही.

जोशीकाका: तोही शेवटपर्यंत अन्याय झाला असंच म्हणत राहिला.

अमेय: दुसऱ्या नातवाला काय?

जोशीकाका: सारेचा मुलगा बेंजामिन, आजोबांचंच नाव. त्याला छापखान्याचे खिळे (म्हणजे छपाईची अक्षरं), सगळं साहित्य आणि खिळे ओतायचा कारखाना, आजोबांच्या अंदाजाने १००० पौंडांच्या घरातलं. आजोबा गेले एप्रिल १७९० मध्ये आणि ऑक्टोबरपासून पोराचं वर्तमानपत्र सुरू. आता बघ, आजोबांनी आपली सोन्याच्या मुठीची काठी मृत्युपत्रात जॉर्ज वॉशिंग्टनला दिली, मानवजातीचा मित्र म्हणून, आणि या नातवाने पुढे पेपरातून वॉशिंग्टनला असा काही झोडला की विचारू नका.

सुलभाताई: धंद्यातली उधारी बुडाली असेल ना बरीच?

जोशीकाका: ताई तुम्ही दुकानवाल्या घरातल्या म्हणून बरोबर विचारलंत! उधारीच्या जुन्या वह्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलला देऊन टाकल्या. माझे पैसे द्यायला जे टाळाटाळ करतात ते हॉस्पिटलला धर्मादाय म्हणून तरी देतील, असा हिशेब. हॉस्पिटलवाल्यांनी काही वर्षांनी वह्या परत केल्या, वसूलच होईना.

सुलभाताई: 🤣 ते तर आमच्या सासऱ्यांच्या वहीचं पण झालं असतं.

मानसी: आणि गुलामांचं काय काका? त्या काळात बऱ्याच जणांकडे असायचे.

जोशीकाका: याच्याकडेही होते, पुढे म्हातारपणी तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. जावयाचं कर्ज माफ केलं ते या विनंतीवर की त्याच्याकडचा बॉब नावाचा गुलाम लगेच मोकळा करावा. पण मोकळं करून वर बॉबला काय दिलं म्हणशील तर मला त्यात काही दिसलं नाही.

मानसी: हं.

जोशीकाका: शेवटचं, मग झोपतो. १७८९ मध्ये पुरवणी जोडली. बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला हजार हजार पौंड, राज्याचा प्रमुख म्हणून मिळालेल्या पगारातले, कारण सरकारी पदाचा पगार घेऊच नये असं त्याचं मत. त्यातून २५ च्या आतल्या, उमेदवारी (कुणाच्या हाताखाली राहून काम शिकणं) पूर्ण केलेल्या लग्न झालेल्या कारागिरांना धंदा सुरू करायला १५ ते ६० पौंड कर्ज, ५ टक्के व्याज, दोन जामीनदार, दरवर्षी दहावा हिस्सा फेड. तरुणपणी यालाही दोन मित्रांनी पैसे दिले होते म्हणून छापखाना उभा राहिला. आणि हे २०० वर्षं चालवायचं!

अमेय: पुन्हा लग्न झालेलेच?? 😭 आणि चाललं का खरंच?

जोशीकाका: चाललं की. कारागीर कमी झाले, उमेदवारीची पद्धतच गेली, मध्ये पैसे पडून होते, पण १९९० मध्ये बॉस्टनचा फंड जवळपास ५० लाख डॉलर भरला आणि फिलाडेल्फियाचा सुमारे २०. शंभर वर्षांनी काढलेल्या पैशातून इथे एक तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, ती अजून आहे, मुलीच्या घरापासून लांब नाही. आणि १८९० च्या सुमारास वंशज कोर्टात गेले होते, हा पैसा आमचा म्हणून. हरले.

मानसी: शंभर वर्षांनी पण??

सुलभाताई: म्हणजे कारण लिहा नाहीतर नका लिहू, कोर्टात जायचे ते जाणारच. मानसी तुला मरण नाही गं.