शब्दचर्चा : म्युझिक ‘प्रोड्युसर’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका

एका अल्बमचा छोटा परिचय मराठीत लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली. अल्बम डेम-फंकचा, ‘टूईचहिझओन’, २००९ सालचा, लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रो या कंपनीने काढलेला. इंग्रजीत अशा अल्बमची ओळख चार शब्दांत उरकतात: व्हेटरन प्रोड्युसर, डेब्यू अल्बम, इलेक्ट्रॉनिक फंक, इन्स्ट्रुमेंटल हिपहॉप. त्याचं मराठी असं झालं: ‘ज्येष्ठ निर्मात्याचा इलेक्ट्रॉनिक फंक व वाद्य-हिपहॉपचा पदार्पणाचा अल्बम’. व्याकरणाची तक्रार नाही, पण वाचताना डोळ्यांसमोर सफारी घालून दादरच्या ऑफिसात बसलेले एक गृहस्थ येतात. सुचवा काहीतरी.

कोशप्रेमी

‘ज्येष्ठ’ आधी काढा. त्याच्यामागून ‘नागरिक’ आपोआप येतो आणि रेल्वेच्या सवलतीची आठवण होते. ‘अनुभवी’ हा नोकरीच्या जाहिरातीतला शब्द. ‘कसलेला’ चांगला आहे, पैलवानापासून नटापर्यंत कुणालाही चालतो. ‘मुरलेला’ त्याहून चांगला, कारण त्यात वेळ आहे. कसणं मेहनतीने होतं, मुरायला मात्र बरणीत बसून राहावं लागतं. ‘निर्माता’बद्दल काय म्हणता येईल? मराठीत निर्माता म्हणजे पैसे घालणारा. नाटकाचा असो, सिनेमाचा असो.

रेकॉर्डवाला

आधी माणूस कोण ते बघू, शब्द मग ठरेल. डेमन रिडिक, जन्म १९७१, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सोलार रेकॉर्ड्ससाठी गाणी घडवणाऱ्या लिऑन सिल्व्हर्स (तिसरे) यांच्या हाताखाली शिकला. नव्वदच्या दशकात वेस्टसाइड कनेक्शन, मॅक टेन अशा रॅपर मंडळींच्या रेकॉर्डिंगला कीबोर्ड वाजवायचा. २००६ पासून कल्व्हर सिटीत ‘फंकमॉस्फिअर’ नावाची साप्ताहिक रात्र चालवली. तिथे तो लोकांनी विस्मृतीत टाकलेल्या ऐंशीच्या दशकातल्या फंकच्या रेकॉर्डी लावायचा. स्वतःच्या नावाचा अल्बम आला तेव्हा चाळिशी दारात उभी होती.

म्हणजे वीसेक वर्षं या धंद्यात काढलेला माणूस. पैसे घालणारा नव्हे, सूर घालणारा. अल्बममधला जवळजवळ प्रत्येक आवाज, ड्रम मशीनच्या ठोक्यापासून सिंथेसायझरच्या सुरापर्यंत, त्यानेच बसवलेला.

कोशप्रेमी

मग ‘संगीतकार’ म्हणा आणि मोकळे व्हा.

रेकॉर्डवाला

नाही जमत. आपल्याकडे संगीतकार म्हणजे चाल लावणारा. कवितेला चाल लावली, पेटीवर गाऊन दाखवली, की त्याचं मुख्य काम झालं. पुढे कुठे व्हायोलिन, कुठे बासरी, मधल्या तुकड्यात काय, हे बघायला अरेंजर असायचा. हिपहॉपमधला प्रोड्युसर हा चाल लावणारा, अरेंजर, वादक आणि निम्मा रेकॉर्डिस्ट असा चौघांचा मिळून एक असतो.

अरेंजरवरून आठवलं. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांमागचे सेबास्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, अरेंजर आणि प्यारेलाल यांचे गुरू. मुंबईच्या सिनेसंगीताचा आवाज ज्यांच्या कागदांवर उतरला त्यांची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर शोधून पाहा, बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. त्याला काय म्हणाल, पदार्पण? त्यांचं काम तर आधीच घरोघरी रेडिओवर वाजत होतं.

अनुवादिका

हाच माझा खरा घोळ आहे. ‘पदार्पण’ म्हणजे पाऊल ठेवणं. ज्याने वीस वर्षांपूर्वी पाऊल ठेवलं त्याचं आता कसलं पदार्पण?

कोशप्रेमी

क्रिकेटमुळे तो शब्द सैल झालाय. दिलीप दोशी १९७९ मध्ये पहिली कसोटी खेळले तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि काउंटी क्रिकेट खेळून आलेले होते, तरी आपण ‘कसोटी पदार्पण’ म्हणतोच. पाऊल कुठे ठेवलं ते सांगितलं की भागतं. नुसतं ‘पदार्पण’ नको.

रेकॉर्डवाला

‘पहिला अल्बम’ लिहिण्यातही एक गंमत आहे. २०१० मध्ये त्याच कंपनीने याचाच ‘अडोलेसंट फंक’ काढला. त्यातली गाणी १९८८ ते १९९२ मधली, म्हणजे पोरवयातली, घरी केलेली. आधी केलेलं नंतर आलं. तेव्हा केलेलं पहिलं की छापलेलं पहिलं? मी असतो तर ‘स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम’ असं लिहिलं असतं. चार शब्द होतात, होऊ देत. इंग्रजीत ‘डेब्यू’ म्हणताना त्यांनाही वेष्टनावरचं नावच अभिप्रेत असतं.

उलटं उदाहरणही घ्या. डेट्रॉइटचा जे डिला, जन्म १९७४. फारसाइड, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, डी ला सोल या रॅप गटांसाठी बीट करून झाले होते, मग २००१ मध्ये त्याचा एकट्याचा पहिला अल्बम आला. वय सत्तावीस! प्रोड्युसर म्हणून तो तोवर पक्का मुरलेला होता. ‘ज्येष्ठ’ म्हणाल त्याला?

गल्लीरॅपर

मधेच घुसतोय. आम्ही पोरं मराठीत रॅप करतो, आमच्यात कुणी ‘निर्माता’ म्हणत नाही. प्रोड्युसर म्हणतो, नाहीतर सरळ ‘बीट कोणाचंय?’ असं विचारतो. आणि बीट म्हणजे ठेका नाही हां. ठेका, बास, सूर, मधला आवाज, सगळं मिळून जे वाजतं ते बीट. ‘त्याने बीट दिलं, मी त्याच्यावर लिहिलं.’ ठेका लिहिलात तर अर्थ पावभर उरेल.

तबलजी

गल्लीरॅपर बरोबर बोलतोय. आमच्याकडे ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल. तीनतालाचा ठेका कुणाच्या मालकीचा नसतो. बीट मात्र अमक्याचं असतं.

आता फंकबद्दल दोन शब्द, कारण तो शब्द सगळे बिनधास्त वापरतात आणि समजावत कुणी नाही. साठच्या दशकात अमेरिकन गायक जेम्स ब्राउनने आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर जोर द्यायला लावला. तोवर तिकडच्या नाचाच्या संगीतात टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडायची. ते लोक या पहिल्या मात्रेला ‘द वन’ म्हणतात. त्याच्याकडे बास वाजवणारा बूट्सी कॉलिन्स ती शिकवण घेऊन जॉर्ज क्लिंटन या दुसऱ्या फंकवाल्याच्या ताफ्यात गेला. मला ही आमची सम वाटते. फरक इतकाच, की तीनतालात सम सोळा मात्रांनी येते, तोवर गायक लांब फिरून येतो आणि आल्यावर श्रोते मान हलवतात. फंकमध्ये ती दर चार मात्रांनी येते; मानेबरोबर कंबरही हलते. परिचयात ‘समेवर भर देणारं नाचाचं संगीत’ एवढं टाकलंत तर मराठी वाचकाला पकड मिळेल.

कोशप्रेमी

‘फंक’चा मूळ अर्थ वास, तोही कुबट. घामेजलेला, कोंदट. जॅझवाल्यांनी तो शिवीचा शब्द कौतुकाचा केला. मराठीत वासाचे शब्द पुष्कळ आहेत (कुबट, उग्र, खमंग, आंबूस), पण संगीताला त्यातला एकही लावत नाही आपण. भाषांतर करू नका, फंकच राहू द्या. आणि ‘विद्युत्-फंक’ असलं काही केलंत तर ती वीज मंडळाची योजना वाटेल.

अनुवादिका

विद्युत् माझ्या मनातही नव्हतं. पण ‘इन्स्ट्रुमेंटल हिपहॉप’चं काय? ‘वाद्यसंगीत’ लिहिलं की आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी पाच मिनिटं सतार वाजते.

रेकॉर्डवाला

‘वाद्यसंगीत’ नाहीच. त्यात एक वाद्य पुढे असतं आणि आपण ते वाजवणाऱ्याला ऐकतो. इथे काय आहे यापेक्षा काय नाही ते महत्त्वाचं. रॅपर नाही. बीट पूर्वी रॅपरच्या बोलण्याखाली अंथरलेलं असायचं, आता तेच गाणं. म्हणून ‘रॅपविना हिपहॉप’. ‘शब्दांविना’ म्हणू नका, ते खोटं ठरेल. कॅलिफोर्नियाच्याच डीजे शॅडोचा १९९६ चा पहिला अल्बम जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डींच्या तुकड्यांतून शिवलेला आहे, त्यात माणसं सारखी बोलत असतात. जे डिलाचा २००६ चा ‘डोनट्स’ घ्या, एकतीस छोटे तुकडे, त्यातही गायकांचे तुटलेले आवाज आहेत. रॅप तेवढा नाही.

टूईचहिझओनला हिपहॉप म्हणणं मला तसं थोडं ओढूनताणूनच वाटतं. हिपहॉपचा प्रोड्युसर जुन्या फंकचा तुकडा कापून घेतो. हा माणूस तुकडा न कापता तसं फंक नव्याने हाताने वाजवतो. गाणी लांब, घाई नाही, बरीचशी गाण्याच्या बोलांशिवाय. एकाचं नाव ‘टेन वेस्ट’, म्हणजे त्यांचा पश्चिमेकडे जाणारा हायवे. दुसरं ‘ब्रुकसाइड पार्क’, पॅसाडीनातलं. रॅप न करता त्याने गाव सांगून टाकलंय. तेव्हा ‘इलेक्ट्रॉनिक फंक’ आधी लिहा, हिपहॉप मागून.

गल्लीरॅपर

तुकडा कापणं म्हणजे सॅम्पल. त्याला मराठी शब्द शोधत बसू नका प्लीज.

कोशप्रेमी

‘नमुना’ हसू आणेल, ‘उचल’ म्हटलं तर ऊसतोड कामगारांचा मुकादम उभा राहील आणि ‘उचलेगिरी’ म्हणजे आरोपच. सॅम्पल राहू दे. पण आरोप अगदीच हवेतला नाही. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं एक गाणं अमेरिकेत गाजलं. डीजे क्विक हा त्याचा प्रोड्युसर. त्याने त्यात लताबाईंचा आवाज घेतला होता, १९८१ च्या ‘ज्योति’ सिनेमातल्या गाण्याचा. संगीत बप्पी लाहिरींचं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं आणि २००३ मध्ये हुकूम निघाला, की लाहिरींचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायची नाही. पुन्हा वेष्टनावरचं नावच!

अनुवादिका

आभार. सध्याचा खर्डा असा आहे: ‘वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवून मुरलेल्या प्रोड्युसरचा हा स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम, इलेक्ट्रॉनिक फंक, आणि त्याच्या कडेने रॅपविना हिपहॉप.’ नावाचं काय करू? इंग्रजीत ‘ज्याचं त्याचं’ अशा अर्थाचे चार शब्द एकत्र चिकटवलेत. मीही चिकटवू का? ‘ज्याचंत्याचं’?

तबलजी

ते तर मराठीत आधीच चिकटल्यासारखं बोललं जातं, त्यात खोडी राहत नाही. मूळ नाव ठेवा, अर्थ एका वाक्यात सांगा. आणि कलाकाराचं नाव ‘डेम’ लिहिलंत ते उत्तम. रोमन लिपीत त्याने त्या अक्षरावर टोपी घातली आहे, तरी लोक ‘डॅम’ वाचतात. देवनागरीत तो प्रश्नच येत नाही.

गल्लीरॅपर

‘वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत’ खटकतंय. नंतरची काही वर्षं तो रेकॉर्डी लावत होता की. ‘दुसऱ्यांसाठी वाजवून’ ठीक, वीसचा आकडा काढा.

अनुवादिका

काढला. शेवटचा प्रश्न: आधी पाच सुट्या रेकॉर्डी आल्या, मग एकत्र संच. प्रत्येकीला वेगळं नाव आहे, फ्लाय, लाइफ, हूड, स्काय वगैरे. ‘पाच खंडांत प्रसिद्ध’ लिहू?

कोशप्रेमी

खंड नको, लोक विश्वकोश समजतील. ‘पाच भागांत’ लिहा.

रेकॉर्डवाला

एकूण दोन तासांच्या वर जातं ते. विश्वकोश म्हटलं तरी फार चुकणार नाही.