मदत हवी आहे : जात्याला टाकी कोण लावून देईल?

नमस्कार मंडळी. राहायला भांडुपला. माण तालुक्यातलं घर पडायला आलं म्हणून आजीचं जातं इकडे आणलंय. चौथा मजला, लिफ्ट बंद. भावाने आणि मी धापा टाकत चढवलं. पण दगड पार गुळगुळीत झालेत, ज्वारी नुसती भरडली जाते. टाकी लावणारे, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करून देणारे पाथरवट मुंबई-ठाण्यात कुठे भेटतील?

१९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली आणि आम्ही गावी गेलो. आजी पहाटे उठून जात्याला हळदकुंकू लावायची, विठ्ठलाचं नाव घेऊन पहिली मूठ घालायची. मी तिच्या मांडीवर डोकं टाकून पुन्हा झोपायचो. उठलो की केसांत पीठ. आजोबा माळकरी, माउलींची पालखी गाठायला फलटणपर्यंत चालत जायचे. पैशांची कायम ओढाताण, पण दिवेलागणीला तुळशीपुढची पणती कधी चुकली नाही.

(बायको म्हणते, गिरणी सोसायटीच्या खालीच आहे. तिचंही खरंय.)

आणखी दोन शंका. खुंटा हलतोय, बाभळीचा नवा बसवला तर चालेल ना? आणि टाकी लावल्यावर दगडाची कच जाण्यासाठी आधी काय दळतात? आजी कोंडा दळून टाकून द्यायची असं अंधुक आठवतंय. खालच्या मजल्यावरच्या काकू आवाजाला वैतागतील, म्हणून गोणपाट अंथरून दुपारीच दळणार आहे.

दसऱ्याआधी जमलं तर बरं. आई रोज जात्यावरून हात फिरवते आणि विचारते, "कधी रे?"